फिन कसे मारायचे आणि कधी थांबवायचे: नव्या डायव्हरसाठी

स्कूबा डायव्हिंगचा कोर्स पूर्ण होऊन कार्ड हातात पडतं, दहा-बारा डायव्ह होतात आणि मग बहुतेकांची एकच तक्रार सुरू होते: "माझी हवा सगळ्यांच्या आधी संपते." त्यावर सल्ला मिळतो, श्वास कमी घे. मला हा सल्ला चुकीचा वाटतो, आणि थोडा धोक्याचाही. हवा टाकीतून तोंडाने जाते हे खरं, पण ती खर्च होते पायांत. पाय विनाकारण राबत असतील तर श्वास आवरून काही होत नाही.

माझ्या बाबतीत हे एका व्हिडिओने उघडं पाडलं. मला वाटत होतं की मी छान आडवी, ऐटीत चालले आहे. पडद्यावर दिसली पंचेचाळीस अंशांत तिरकी झालेली, गुडघे पोटाशी घेत सायकल चालवणारी एक बाई, आणि तिच्यामागे वाळूचा धुरळा. माझ्या मागून येणाऱ्याला त्या धुरळ्यात काय दिसत असेल, हा विचार तोवर मनात आलाच नव्हता.

पुढे जे लिहिलंय त्याचा सराव पूलमध्ये किंवा शांत, उथळ पाण्यात करायचा, शेजारी प्रशिक्षित माणूस असताना. क्रम मात्र तसाच ठेवा. लोक थेट किकपासून, म्हणजे फिन (पायात घालायची वल्ह्यासारखी पाती) मारण्यापासून, सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

आधी थांबून बघा

चार-पाच मीटर खोलीत, तळापासून दोनेक मीटर वर राहून घोट्यात घोटा अडकवा, हात समोर घ्या आणि तीस सेकंद काहीही करू नका. श्वास नेहमीसारखा चालू ठेवा.

खाली बसू लागलात तर याचा अर्थ इतका वेळ तुम्ही पाय मारून स्वतःला वर धरून ठेवत होतात. नवशिक्यांमध्ये हेच सर्वांत जास्त दिसतं, आणि ते कसं घडतं हे समजून घेण्यासारखं आहे. शरीर तिरकं असलं की प्रत्येक किक पुढे ढकलते तशी थोडी वरही ढकलते. वर जायला नको म्हणून तुम्ही बीसीडीतली (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटातली) हवा सोडता. मग जड होता. जड झाल्यामुळे पाय थांबवले की बुडता, म्हणून पाय थांबवत नाही. पाय थांबत नाहीत म्हणून दम लागतो, आणि दम लागला की गेजचा, म्हणजे टाकीतला दाब दाखवणारा, काटा पळतो. या चक्रात किक कितीही सुधारली तरी उपयोग नाही. आधी बीसीडीत थोडी थोडी हवा भरून पाय न मारता एका जागी राहता आलं पाहिजे.

त्यासाठी अंगावरची शिशाची वजनं बरोबर हवीत. डायव्हच्या शेवटी टाकीत ५० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास हवा उरली असताना पृष्ठभागावर उभे तरंगा, बीसीडी पूर्ण रिकामं करा आणि साधा श्वास घेऊन क्षणभर थांबा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे, आणि श्वास सोडल्यावर डोकं हळूच खाली गेलं पाहिजे. (श्वास धरण्याची परवानगी फक्त इथे, पृष्ठभागावर. पाण्याखाली टाकीतली हवा घेताना कधीही नाही.) हीच चाचणी भरलेल्या टाकीने केलीत तर वर सुमारे २ किलो वजन घ्या. कारण हवेलाही वजन असतं: १२ लिटरच्या टाकीत २०० बार म्हणजे सुमारे २,४०० लिटर हवा, आणि तिचं वजन जवळजवळ ३ किलो. त्यातले दोनेक किलो डायव्ह संपेपर्यंत बुडबुडे होऊन गेलेले असतात. पूलमधला आकडा समुद्रात चालत नाही, खाऱ्या पाण्यात वजन जास्त लागतं.

त्या तीस सेकंदांत खाली न जाता फक्त पाय खाली लोंबकळू लागले, तर एकूण वजन ठीक आहे पण ते चुकीच्या जागी आहे. कमरेच्या पट्ट्यावरचं किलो-दोन किलो टाकीच्या पट्ट्यावर, खांद्यांच्या बाजूला न्या. टाकी थोडी वर सरकवूनही फरक पडतो. मग हनुवटी वर करून समोर पाहा, पाठीला किंचित बाक द्या आणि नितंब आवळा. एवढ्याने मांड्या धडाच्या रेषेत येतात. गुडघे काटकोनात वाकवून फिन वर ठेवा. आरसा नसतो, म्हणून बडीला (सोबतच्या जोडीदार डायव्हरला) सांगा, तो हाताने कोन दाखवेल. आडवा तळवा म्हणजे बरोबर, तिरका म्हणजे अजून काम बाकी.

फिन घेताना

फार विचार नको. टाच उघडी असलेले, पट्ट्याचे फिन बुटांवर घालता येतात आणि खडकाळ किनाऱ्यावरून चालायलाही बूट कामी येतात. पूर्ण पाय आत जाणारे फिन हलके असतात, पण पायाला चावले तर इलाज नसतो. पाय आत घालून हवेत झटका: फिन सुटता कामा नये आणि बोटं सुन्न होता कामा नयेत. लांब, लवचीक पातं सरळ किकला सोपं जातं. आखूड, ताठ पातं बेडूक किकला आणि मागे सरकायला बरं. जड रबराचे, पात्यात भोकं असलेले जेटफिन १९६४ सालचे आहेत, तरी गुहेत आणि बुडालेल्या जहाजांत जाणारे डायव्हर आजही तेच पसंत करतात, यातून काय ते समजा. मात्र ते जड असल्याने पाय आधीच खाली जाणाऱ्याला आणखी खाली नेतात.

सरळ किक

कोर्समध्ये हीच शिकवतात: एक पाय वर, एक खाली. ही किक कमरेतून निघते. गुडघा किंचित सैल, घोटा मोकळा, आणि फिनची टोकं फार लांब जाऊ द्यायची नाहीत. गुडघा पुढे पोटाकडे येत असेल तर ती सायकल झाली: फिन पाणी ढकलत नाही, कापत जातो. ओळखायचं कसं? मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंना सारखंच काम जाणवलं पाहिजे. फक्त गुडघे दुखत असतील तर सायकल चालू आहे.

प्रवाहाविरुद्ध, पृष्ठभागावर किंवा कोणाला ओढून न्यायचं असेल तेव्हा ही किक उपयोगी. तळाजवळ मात्र ती पाणी खालीही ढकलते आणि गाळ उठवते.

आणि हळू मारा. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दुप्पट वेगाला विरोध चौपट, आणि तो दुप्पट वेगाने कापायचा म्हणून सुमारे आठपट ताकद लागते. घाई करून पाच मीटर पुढे गेलात तर त्याची किंमत टाकीतून चुकवावी लागते.

बेडूक किक

ब्रेस्ट स्ट्रोक येणाऱ्यांना ही लवकर जमेल असं वाटतं, आणि त्यांनाच ती कधी कधी जास्त छळते, कारण पोहताना ते गुडघे पोटाकडे ओढतात. इथे मांड्या हलवायच्याच नाहीत.

पहिला सराव जमिनीवर. बाकावर किंवा पलंगावर पालथे झोपा, गुडघ्यापासून पुढचा भाग बाहेर राहील असं. फिन घाला. हसणाऱ्यांना हसू द्या.

सुरुवातीला गुडघे काटकोनात, फिन वर, तळवे छताकडे. आता गुडघे थोडे फाकवा आणि घोटे बाहेरच्या बाजूला वळवा, जसं फताडे पाय टाकून चालताना पावलं वळतात तसं. सगळी किक या वळणावर अवलंबून आहे. घोटा वळला नाही तर पात्याची कड पाण्यात फिरते आणि तुम्ही जागच्या जागी राहता. घोटा वळला की तळपाय मागे बघू लागतो. त्या तळपायाने पाणी मागे आणि आत असं गोलाकार ढकला, शेवटी दोन्ही फिनचे तळवे एकमेकांना भिडल्यासारखे जवळ येतील.

आणि थांबा.

हे थांबणं किकचाच भाग आहे, विश्रांती नव्हे. दोन-तीन सेकंद शरीर सरकत राहतं, तेवढा वेळ पाय बंद, श्वास बाहेर. वेग मंदावला की पावलं टोकदार करून, पाणी न ढकलता, पाय अलगद मूळ जागी आणायचे. नवशिक्या हा विसावा गिळून टाकतो आणि किकवर किक मारत सुटतो, म्हणून दमतो. मी मनात म्हणते: मार, सरक, सरक, ये. चार मात्रांपैकी एकाच मात्रेला कष्ट.

पाण्यात गेल्यावर पूलची लांबी किती किकमध्ये पार होते ते मोजा. पुढच्या वेळी एक किक कमी करायचा प्रयत्न करा. वेळ मोजू नका. आणि बडीला मागून बघायला सांगा, कारण एक पाय नीट आणि दुसरा कात्रीसारखा चालणं फार सर्रास आहे आणि स्वतःला ते कधीच कळत नाही.

तळाजवळ हीच किक लहान करून मारायची. मांड्या स्थिर, फक्त घोटे आणि पोटऱ्या हलतात. पाणी मागे आणि जरा वर जातं, वाळू जागची हलत नाही.

वळणं आणि मागे सरकणं

जागेवर वळायला फक्त उजव्या पायाने अर्धी बेडूक किक मारा, डोकं डावीकडे वळेल. डाव्या पायाने उलट. हातांनी वल्हवायची सवय यामुळेच सुटते. हात वल्हवणाऱ्याचा हात कधी ना कधी शेजाऱ्याच्या मास्कवर बसतो.

मागे सरकणं अवघड. पाय मागे लांब, फिन जवळ. आता पावलं नडगीकडे ओढा, बाहेर वळवा आणि फिनच्या वरच्या अंगाने व बाहेरच्या कडेने पाणी डोक्याच्या दिशेने खेचत गुडघे वाकवा. मग पावलं टोकदार करून सावकाश परत. पहिल्या पाच-सहा तासिकांत काहीच घडत नाही. एक दिवस अचानक समोरची भिंत वीतभर लांब जाते. प्रवाळासमोर फोटो काढणाऱ्याच्या अंगावर न जाता थांबता येणं, बडीपासून हातभर मागे राहता येणं, हे सगळं यातूनच येतं. त्यामुळे चिकाटी सोडू नका.

हवेचा हिशेब, पायांसह

पृष्ठभागावर शांतपणे मिनिटाला २० लिटर हवा लागते असं धरा. पृष्ठभागावर दाब एक वातावरण असतो आणि दर १० मीटरला तो आणखी एका वातावरणाने वाढतो, म्हणून २० मीटरवर तिप्पट, म्हणजे मिनिटाला ६० लिटर. १२ लिटरची टाकी २०० बारने सुरू करून ५० बार राखून ठेवायचे, तर वापरायला १५० बार, म्हणजे १,८०० लिटर. ३० मिनिटं. आता हाच माणूस जोरजोरात पाय मारत श्वास दुप्पट करू लागला तर १५ मिनिटं. टाकी तीच, खोली तीच. वर यायला लागणारी हवाही याच हिशेबातून जाते, म्हणून प्रत्यक्षात तळावरचा वेळ याहून कमीच धरा.

म्हणून गेज पाच-पाच मिनिटांनी बघा आणि बघण्याआधी मनात अंदाज बांधा: "आता १४० असेल." अंदाज दोन-तीनदा चुकला, की पाय काहीतरी उद्योग करताहेत. प्रवाह असेल तर डायव्हची सुरुवात प्रवाहाविरुद्ध करा म्हणजे परतताना तो मदत करतो. तळाजवळ प्रवाह सहसा कमी असतो.

दम लागला तर

पाण्याखाली लागलेला दम जमिनीवरच्यासारखा नसतो. खोलीवर हवा घट्ट असते. जोरात राबताना श्वास उथळ आणि भरभर होतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) हवा देत नाही असं वाटू लागतं. तो देत असतो. याच क्षणी माणूस रेग्युलेटर काढून वर झेप घेतो.

पाय थांबवा. आधी पायच. जवळ खडक किंवा दोर असेल तर धरा. मग लांब उच्छ्वास, जितका बाहेर जाईल तितका. आत घेण्याची चिंता नको, ती आपोआप होते. बडीला हात आडवा हलवून "गडबड आहे" अशी खूण करा. पाच-सहा श्वासांनंतर ठरवा काय करायचं ते. अंगठा वर म्हणजे "मस्त" नव्हे, "वर चला". नवे डायव्हर मासा दिसल्याच्या आनंदात अंगठा दाखवतात आणि अख्खा गट वर निघतो, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

पायात गोळा आला तर

पोटरीत गोळा आला की जोरात किक मारून तो सुटत नाही. पाय सरळ करा, फिनचं टोक धरून स्वतःकडे ओढा आणि धरून ठेवा. हात पोचत नसेल तर बडी फिन धरून ढकलेल. नंतर किक बदला: सरळ मारत असाल तर बेडूक. वारंवार गोळे येत असतील तर फिन फार ताठ आहेत किंवा पट्टा फार आवळलाय का ते बघा.

मास्क, रेग्युलेटर, बडीची हवा

कोर्समध्ये हे गुडघ्यांवर बसून केलेलं असतं. आता आडवे तरंगत करा, पाय न मारता. खरी अडचण गुडघ्यांवर बसवून येत नाही.

मास्कमध्ये पाणी शिरलं तर वरची कड दाबून धरा, किंचित वर पाहा, नाकाने लांब फुंका. घाबरायला होतं ते नाकाने पाणी ओढलं जाईल म्हणून. तेव्हा उथळ पाण्यात मास्क पूर्ण काढून मिनिटभर फक्त तोंडाने श्वास घ्यायचा सराव करा. पहिले दहा सेकंद नको नको होतात, नंतर सवय लागते.

रेग्युलेटर तोंडातून सुटला तर बारीक बुडबुडे सोडत राहा. उजवीकडे झुका, उजवा हात मांडीला लावून मागून टाकीला घासत मोठा गोल फिरवत पुढे आणा, नळी कोपरावर येते. तोंडात घेतल्यावर आधी फुंका किंवा बटण दाबा, मग श्वास.

बडीची हवा घेण्याची पद्धत पाण्यात उतरण्याआधी बोलून घ्या: तो तोंडातला रेग्युलेटर देणार की जादाचा, जादाचा कुठे अडकवलाय, रंग कोणता. हात गळ्यावरून आडवा फिरवला की हवा संपली. मिळालेल्या रेग्युलेटरातून दोन श्वास घ्या, एकमेकांचा हात किंवा पट्टा घट्ट धरा, डोळ्याला डोळा लावा, मग सावकाश वर. हे सगळं बडी दोन फिनकिकांच्या आत असेल तरच चालतं. दहा मीटर लांब असलेला बडी हा बडी नसतो, तो त्याच समुद्रातला दुसरा माणूस असतो. दिसेनासा झाला तर मिनिटभर चारी बाजूंना आणि वर-खाली शोधा, नाही सापडला तर वर या.

वर येताना

मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगात नको, आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. वर येताना बीसीडीतली हवा फुगते, तिला सोडत राहा. फुप्फुसांतलीही फुगते: १० मीटरवरून पृष्ठभागापर्यंत ती दुप्पट होते. श्वास अडवून वर येणं पूलच्या खोलीतसुद्धा फुप्फुस फाडू शकतं. ५ मीटरवरच्या या तीन मिनिटांत तुमची सगळी शिकवणी तपासली जाते. टाकी हलकी झालेली, पाणी उथळ, बॉयन्सी (तरंगण्याचा तोल) चंचल, आणि तिथे पाय न मारता थांबायचं. सुरुवातीची तीस सेकंदांची चाचणी आठवते का? तीच ही, फक्त सहापट लांब.

डोकं पाण्याच्या वर आल्यावर आधी बीसीडी फुगवा. टाकीत हवा नसेल तर तोंडाने. तरीही वर राहता येत नसेल तर वजनं सोडून द्या. पैसे गेले तर गेले. अपघातांच्या नोंदींत मृत डायव्हरच्या कमरेला वजनं तशीच सापडल्याचं पुन्हा पुन्हा दिसतं. सोडण्याचा सराव म्हणून प्रत्येक डायव्हआधी बकलला हात लावून बघा, बडीच्याही. विमान पकडायचं असेल तर एका डायव्हनंतर किमान १२ तास, अनेक डायव्ह झाल्या असतील तर १८ तास जाऊ द्या.

आणि बोटीपाशी पोचल्यावर फिन काढायची घाई नको. वर कोणी शिडी चढत असेल तर तिच्याखाली थांबू नका, तो घसरला तर टाकीसकट अंगावर येईल. तुमची पाळी आली की एका हाताने शिडी घट्ट धरा, मास्क आणि रेग्युलेटर जागेवर ठेवा, मग दुसऱ्या हाताने एक फिन काढून वर द्या, मग दुसरा. हात सुटला आणि पायात फिन नसतील तर प्रवाह पाठीवर टाकी घेतलेल्या माणसाला बोटीपासून फार लवकर लांब नेतो.